हद्दीचं भांडण

“पुन्हा वाजव,” मी म्हणालो.

स्क्रीनवर मेलबर्नची ईशानी बसली होती. घट्ट बांधलेली वेणी, पुढ्यात तबला-डग्गा आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात. तिहाई बसवत होतो. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा ‘धा’ नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून टाकायचा, इतकीच गोष्ट. मी इकडे कराडात सतरंजीवर बसून हाताने ताल धरला होता. तिने सुरुवात केली. दोन तुकडे झकास गेले. तिसऱ्याला तिचे हात हवेतच थांबले, तोंड अर्धं उघडं राहिलं, आणि ती हलली तेव्हा सम केव्हाच येऊन गेली होती.

“कुठं गेली सम?” मी ओरडलो. “मोजत नाहीस तू!”

“मोजतेय, सर.”

“उलट बोलायचं नाही. पुन्हा!”

असं चार-पाचदा झाल्यावर तिची आई, केतकी, कॅमेऱ्यासमोर आली.

“सर, राग मानू नका,” ती म्हणाली. “ती मघापासून बरोबर वाजवतेय. इथं आम्हाला सम अगदी स्वच्छ ऐकू येतेय. तुमच्याकडचं नेट अडकतंय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तापट आहे हे आमच्या सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे, पण मी ज्याच्यावर ओरडतो तो चुकलेलाच असतो, अशी माझी आपली समजूत होती. मी पोरीला शाबासकी दिली, तिने नाक ओढत नमस्कार केला. मग केतकी जरा अडखळत बोलली.

“आणखी एक होतं. दिवाळीनंतर आमच्या इथल्या मराठी मंडळाला तबल्याचा वर्ग सुरू करायचाय. चाळीसेक मुलं आहेत. मी तुमचंच नाव सुचवलंय. पण कमिटी आधी एक नमुन्याचा वर्ग बघणार. पुण्याच्या एका सरांचाही बघणार आहेत, तेव्हा हे असं झालं, तर ते त्यांनाच घेतील. तेवढं नेटचं बघाल ना, सर?”

“बघतो की,” मी म्हणालो. इतकं सोपं असतं तर मी ही गोष्ट सांगायला बसलो नसतो.

काही वर्षांपूर्वीची ही हकिगत. कोरोना नुकताच हटला होता, पण जाताना माझं बस्तान उठवून गेला होता. भजनी मंडळं बंद, लग्नातल्या गाण्याच्या मैफली बंद, घरी येणारी पोरं दहावी-बारावीच्या नावाखाली गायब. परदेशातल्या पाच-सहा विद्यार्थ्यांवर घर चाललं होतं. मेलबर्नचा वर्ग मिळाला तर पुढची दहा वर्षं बघायला नको. नाही मिळाला, तर तबल्याची खोळ बांधून मेव्हण्याच्या सातारच्या टायरच्या दुकानात बिलं फाडायला बसायचं, हे त्याने आणि माझ्या बायकोने, सुलभाने, मिळून ठरवूनच टाकलं होतं. जालिंदर गुरव टायर विकतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मला जेवण जात नसे.

आमच्या कॉलनीच्या मधून एक रस्ता जातो. दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला थांबावं लागतं, एवढाच तो. पण इंटरनेटच्या बाबतीत तो रस्ता म्हणजे सरहद्द होती. अलीकडच्या सगळ्या घरांना हिंदुराव शेवाळ्यांची तार, म्हणजे आबांची. पलीकडच्या सगळ्या घरांना सर्जेराव डुबलांची. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती आम्ही टीव्हीवर बघायचो, त्यांची तार काही कॉलनीत पोचली नव्हती. मोबाइलचं नेट घ्यावं, तर आमच्या खोलीत एकच काडी दिसे, आणि तीही सुलभा स्वयंपाकघरात जाऊन उंच हात करून उभी राहिली तर.

आबा आणि सर्जेराव यांचं हाडवैर होतं. दोघांची गणपती मंडळं वेगळी, ढोलपथकं वेगळी, नगरपालिकेला दोघेही एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले आणि दोघेही पडलेले. एकाने चौकात फ्लेक्स लावला की दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा त्याहून हातभर मोठा. त्यामुळे एकाची तार दुसऱ्याच्या भागात जाणं शक्यच नाही, तिथे मारामाऱ्या होतील, असं सगळेच धरून चालायचे. मीही धरून चालायचो.

मी आधी आबांच्या ऑफिसला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, “वरूनच प्रॉब्लेम आहे, सर.” गेली तीन वर्षं हा माणूस मला हेच सांगत होता. वर म्हणजे कुठे, हे विचारलं की तो म्हणायचा, “बॉक्स बंद करून परत चालू करा.” मी बॉक्स बंद करून परत चालू केला. मग चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून सरळ सर्जेरावांच्या ऑफिसात गेलो.

सर्जेराव म्हणजे पहिलवानी अंगाचा, चाळिशीतला, हसरा माणूस. त्यांनी चहा मागवला, तब्येत विचारली, माझ्या कुठल्याशा जुन्या कार्यक्रमाचं कौतुक केलं. मी विरघळलो आणि मुद्द्यावर आलो. “सर्जाभाऊ, मला तुमची लाइन पाहिजे. तुमचा खांब माझ्या गॅलरीतून दिसतो. तार टाकली की झालं.”

“तेवढं सोडून बोला, मास्तर.”

“का बरं? पैसे देतोय मी.”

“पैशाचं न्हाई ओ. तुमी आबाच्या हद्दीत येताय.”

“मी कुणाच्या हद्दीत नाही. मी माझ्या फ्लॅटमध्ये राहतो.”

सर्जेराव हसले. मग बशीतला चहा संपवून गंभीर झाले. “मास्तर, मी तिकडं तार टाकली तर आबाची पोरं कोयता घिऊन येणार. मग माझी पोरं गप बसत्यात व्हय? तुमच्या एका लाइनीपायी दोन-चार डोकी फुटायची. चालंल तुमाला?”

मला चालणार नव्हतं. मी त्यांचेच आभार मानून परत आलो, आणि जिना चढताना माझ्या लक्षात आलं की आपण रिकाम्या हाताने आलो आहोत.

त्याच आठवड्यात दोघांचेही मेसेज आले. अलीकडच्यांना आबांचा, पलीकडच्यांना सर्जेरावांचा. महिन्याचा दर सहाशेवरून सातशे.

“बघ,” मी सुलभाला म्हणालो, “उभ्या आयुष्यात या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.”

“पहिल्यांदा कुठलं?” ती भाजी निवडता निवडता म्हणाली. “मागच्या वर्षी पण एकाच दिवशी वाढवले होते की. तेव्हा पण तुम्ही असंच म्हणाला होता.”

बायकोने आपले जुने विनोद लक्षात ठेवणं ही काही चांगली गोष्ट नाही.

दरवाढीवरून कॉलनी मात्र पेटली. नोकरीवाल्यांची घरून कामं चालू होती, पोरांच्या शाळा अर्ध्या मोबाइलवर. शेवटी कॉलनीचे अध्यक्ष निकमकाका यांनी रविवारी सकाळी दत्ताच्या देवळाच्या सभामंडपात दोन्ही बाजूंच्या लोकांची बैठक बोलावली आणि आबा व सर्जेराव दोघांनाही आमंत्रण दिलं. निकमकाका म्हणजे देवमाणूस. कुणी मोठ्याने बोललं तरी त्यांचा रक्तदाब वाढतो. “वाद नको, वाद नको,” हे त्यांच्या तोंडात कायमचं बसलेलं. मागच्या वर्षीच्या बैठकीतही ते शंभर वेळा तेच म्हणाले होते.

सभामंडप भरला. आबा पांढऱ्या शुभ्र कपड्यांत डाव्या हाताच्या खुर्चीवर बसले, सर्जेराव उजव्या. दोघांमध्ये निकमकाका, पाण्याची बाटली घट्ट धरून. मी आणि सुलभा तिसऱ्या रांगेत होतो. आमच्या पुढे पलीकडच्या बाजूच्या मोहितेकाकू बसल्या होत्या. त्यांचा नातू घरून परीक्षा देताना नेट गेलं होतं, त्यामुळे त्या घरूनच तापून आल्या होत्या.

“माझं एवढंच म्हणणं आहे,” काकूंनी उठून सुरुवात केली, “पैसे वाढवताय तर वाढवा, पण दोघांनी दोन्हीकडं लाइनी द्या. ज्याची चांगली त्याची घेऊ. भाजी नाही का आपण चार ठिकाणी बघून घेत?”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आणि टाळ्या थांबायच्या आत सर्जेराव ताडकन उठले.

“लाइन देईन हो काकू! पण ह्या माणसाच्या पोरांनी माझी तार तोडली, त्याचं काय?”

आबांनी मिशीवरून हात फिरवला. “तार तोडायला तुझ्या हद्दीत पाय ठिवावा लागतो, सर्जा. माझी पोरं तुझ्या हद्दीत थुंकत बी न्हाईत.”

“थुंकू नका. पण बघताय ते वाकडं बघताय!”

“वाकडं बघायला तुझ्यात हाय काय?”

पोरांना आयांनी जवळ ओढलं. निकमकाका “वाद नको, अहो वाद नको,” म्हणत दोघांकडे आळीपाळीने बघू लागले. आणि मी? माझा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला होता. मला ती खोडच आहे. नळाचं पाणी ठिबकलं तरी मी मात्रा मोजतो.

मोजता मोजता मला काहीतरी टोचायला लागलं. हे दोघे एवढे संतापलेले, पण एकाचं वाक्य संपेपर्यंत दुसरा थांबत होता. थांबायचाच, आणि संपलं की लगेच उचलायचा. मी आणि सुलभा भांडतो तेव्हा वीस वर्षांत माझं एकही वाक्य पूर्ण झालेलं नाही. तिचंही नाही. इथे मात्र सर्जेराव आठ मात्रा बोलत होते, आबा आठ मात्रा बोलत होते. तबल्यावर दोघांचा सवाल-जवाब चालावा तसं.

सर्जेरावांनी डाव्या पायाने खुर्ची मागे सरकवली. “मी जर का हा रस्ता ओलांडला,” ते गरजले, “तर हितं रक्ताचे पाट वाहतील!”

खुर्ची सरकल्याचा तो आवाज ऐकला आणि माझा अंगठा पेरावरच थांबला. मागच्या वर्षीही याच वाक्याला, याच पायाने, अशीच खुर्ची सरकली होती. तेव्हाही ती थुंकण्याची आणि वाकडं बघण्याची भाषा झाली होती. तेव्हाही लोक घाबरले, निकमकाकांनी हात जोडले, दोघांनी “लोकांसाठी गप बसतो” म्हणत माघार घेतली, आणि दरवाढीचं कुणाला आठवलंच नाही. जीव वाचला म्हणून आम्ही वाढलेले पैसे मुकाट्याने भरले.

हे भांडण बसवलेलं होतं.

मी सुलभाच्या कानात सांगितलं. ती म्हणाली, “काहीतरीच काय! तुम्हाला सगळीकडं तालच ऐकू येतो.”

“अगं, आता आबा म्हणणार, ‘ओलांडून बघ, ह्या मनगटात अजून दम हाय.’ ऐक.”

“आणि नाही म्हणाले तर? आपली लाइन त्यांच्याच हातात आहे. उद्या सकाळी कापतील. पुढच्या रविवारी तुमचा तो नमुन्याचा वर्ग आहे, कळतंय का?”

मला सगळं कळत होतं. चुकलो तर चाळीस मुलं गेली, आहेत ती पाच-सहाही गेली, आणि मी सातारला टायर मोजत बसलो. पण एखाद्याने घोकून बसवलेलं वादन आयत्या वेळी सुचलेलं म्हणून वाजवावं आणि मी समोर बसून माना डोलवाव्यात, हे माझ्याच्याने आजवर झालेलं नाही. मी उठून उभा राहिलो.

“निकमकाका,” मी म्हणालो, “पुढचं मी म्हणू का?”

“पुढचं काय, गुरवसर?” काका भांबावले.

आमच्यात तबल्याला हात लावायच्या आधी बोल तोंडाने म्हणून दाखवायचे असतात. त्याला पढंत म्हणतात. मी टाळी दिली, लय धरली आणि आबांच्याच आवाजात सुरू केलं, “ओलांडून बघ की, सर्जा! ह्या मनगटात...”

“...मनगटात अजून दम हाय!” आबा आपसूक म्हणून गेले. हातसुद्धा वर गेला होता. मग तो तिथेच राहिला.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

मी थांबलो नाही. टाळी चालूच होती. “आता सर्जाभाऊ. ‘दम बघायचा आसंल तर चौकात या, आबा! देवळात कशाला?’ मग आबा. ‘देवळात हाय म्हणून वाचलास!’ मग निकमकाका, ‘वाद नको, वाद नको.’ आणि मग दोघं मिळून...” मी हात समेवर आणले, “...‘लोकांसाठी गप बसतो!’”

“अगं बाई!” मोहितेकाकू ओरडल्या. “हेच! मागच्या वर्षी शब्दन् शब्द हेच झालं होतं! मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं होतं!”

“आणि ती खुर्ची पण!” दुसरं कुणीतरी म्हणालं.

हशा असा उसळला की देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली. सर्जेराव उभे होते, बसायचं की उभं राहायचं ते त्यांना कळेना. आबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, आणि मग त्यांचा सगळा राग ज्याच्यावर निघायचा त्याच्यावर निघाला.

“तुला म्हणालो हुतो का न्हाई,” ते सर्जेरावांवर कडाडले, “यंदा दुसरं कायतरी म्हणू म्हणून!”

आबांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. पण बाण सुटला होता, आणि तो सर्जेरावांना लागला होता.

“मला काय सांगताय?” सर्जेराव उसळले. “मी नवीन लिहून दिलं हुतं! तुमालाच पाठ हुत न्हाई! चार वाक्यं—”

“चार वाक्यं? आरं माझ्या वयाला तू काय—”

“वयाचं सांगू नका, पैसे वाढवायची अक्कल कुणाची—”

“माझी? माझी अक्कल? हद्द वाटून घिऊ म्हणून माझ्या घरी जेवायला कोण आलं हुतं?”

“जेवायला तुमी बोलावलं हुतं!”

आता एकाचंही वाक्य पुरं होत नव्हतं. दोघे एकदम बोलत होते, एकमेकांवर चढत होते, लय नाही, ताल नाही, समेचा पत्ता नाही. माझ्या कानाला इतका गोड कोलाहल मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. हे खरं भांडण होतं. अस्सल.

निकमकाका उठले. दोन्ही हात वर करून म्हणाले, “अहो, वाद नको, वाद—”

“निकमकाका, तुम्ही खाली बसा हो!” हा आवाज माझ्या शेजारून आला. सुलभा उभी राहिली होती, पदर खोचून. “कधी नाही तो खरा वाद लागलाय. होऊ दे!”

निकमकाका बसले. सगळा सभामंडप टाळ्या वाजवायला लागला. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच टाळ्या घेतल्या आहेत, पण बायकोला पडलेल्या त्या टाळ्यांनी माझी छाती जशी फुगली तशी कधी फुगली नाही.

तिकडे दोघे हातघाईवर आले होते.

“उद्या,” आबा छाती पिटत म्हणाले, “उद्या सकाळी माझी तार रस्त्याच्या पलीकडं! बघतो कोण आडवतंय!”

“या की! मी बी अलीकडं येतो! आणि तुमच्यापेक्षा शंभरानं कमी घेतो!”

“शंभर? मी दीडशेनं कमी करतो!”

“आबा,” मी अगदी नम्रपणे विचारलं, “आणि तक्रार केली तर माणूस किती वेळात येणार?”

“एका तासात!”

“सर्जाभाऊ?”

“आर्ध्या तासात! आणि आला न्हाई तर त्या महिन्याचं बिल माफ!”

“माझ्याकडं पण माफ!” आबा ओरडले. “आणि बॉक्स फुकट!”

“ऐकलंत ना सगळ्यांनी?” मोहितेकाकूंनी मागे वळून विचारलं.

“ऐकलं!” सगळा मंडप एका सुरात म्हणाला. तेवढं एकच खरं वाक्य त्या सकाळी तालात आलं.

बैठकीतून घरी येताना लोकांनी मला जवळजवळ खांद्यावर घेतलं. जवळजवळ म्हणतो, कारण माझं वजन बघून त्यांनी बेत बदलला. पलीकडच्या बाजूची जी माणसं मला कधी ओळख देत नव्हती, ती “काय मास्तर, काय पढंत होती!” म्हणून हात मिळवत होती. तबल्याचा कार्यक्रम करून मला एवढी दाद कधी मिळाली नव्हती. मला थोडं वाईटही वाटलं, पण थोडंच.

तरी रात्रभर मला धाकधूक होती. दोघे घरी जाऊन डोकं थंड झाल्यावर पुन्हा एकत्र जेवायला बसले तर? मी तसं बोलून दाखवलं, तर सुलभा म्हणाली, “बसतात कसले! चारचौघांत एकमेकांची अक्कल काढलीय त्यांनी. आजवरची भांडणं खोटी होती, ती मिटतील. ही नाही मिटायची.”

तिचं बरोबर निघालं. सकाळी चहा घेत होतो तोच आबांचा माणूस दारात. तोच फोनवरचा, ज्याचा नेहमी वरूनच प्रॉब्लेम असायचा. प्रत्यक्षात तो एक बुटका, गरीब माणूस निघाला. नवा बॉक्स बसवताना मी त्याला विचारलं, “आता वर काही प्रॉब्लेम नाही ना?” तर तो लाजून म्हणाला, “न्हाई सर, आता वरच आबा स्वतः बसल्यात.” तो जिना उतरेपर्यंत सर्जेरावांची पोरं शिडी घेऊन आली. मी दोघांचीही लाइन घेतली. दर असे उतरत गेले की आठवड्याअखेरीस दोन्ही मिळून जुन्या एका लाइनीपेक्षा थोड्याशाच जास्त पडत होत्या. आठवडाभरात कॉलनीत तारांचं जाळं झालं. रोज सकाळी नवा दर, संध्याकाळी त्याहून कमी. मोहितेकाकू खरोखरच भाजी घ्यावी तशा गॅलरीत उभ्या राहून खाली विचारायच्या, “आज काय भाव, रे?”

मग तो रविवार आला. मी इस्त्रीचा झब्बा घातला. सुलभाने सतरंजी बदलली, भिंतीवर वडिलांचा पखवाज वाजवतानाचा फोटो नीट लावला, आणि स्वतः दाराशी स्टुलावर बसली, कुणी बेल वाजवू नये म्हणून. स्क्रीनवर कमिटीची मंडळी रांगेने बसलेली दिसली, त्यांच्यामागे जमिनीवर मांडी घालून मुलंच मुलं. मी नमस्कार केला. तोंडाने बोल म्हटले, वाजवून दाखवले, एकेका मुलाला वाजवायला लावलं. कुणाचे हात हवेत थांबले नाहीत. एक पोरगा चुकला, मी त्याच्यावर ओरडलो, आणि तो खरंच चुकला होता याचा मला मनापासून आनंद झाला.

अर्धा वर्ग झाला असेल, आणि खाली रस्त्यावर आरडाओरडा सुरू झाला. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. कोपऱ्यावरच्या खांबाशी आबा आणि सर्जेराव जातीने हजर होते. वरची जागा कुणाच्या तारेची, यावरून जुंपली होती.

“माझा खांब हाय—”

“खांब नगरपालिकेचा, तुमचा कुठला—”

“तुझ्या बापाचा हाय का मग—”

“बापावर जाऊ नका, आबा, सांगून ठिवतो—”

कमिटीतल्या एका चष्मेवाल्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. “सर, तिकडे काही गडबड चालू आहे का? आपण नंतर घेऊ या का?”

“छे छे,” मी म्हणालो. “काही नाही. आमच्याकडे रविवारचं असंच असतं.”

“बरं. तसं आवाज आणि चित्र फारच स्वच्छ आहे हो,” त्या शेजारच्यांकडे वळून म्हणाल्या. “पुण्याच्या सरांचं मध्ये मध्ये अडकत होतं.” शेजारच्यांनी मान डोलावली. केतकीने मागून मला अंगठा दाखवला, आणि तिच्या पलीकडे ईशानी दोन्ही हात वर करून नाचली. मला कळलं, वर्ग माझा झाला. डोळे भरून आले. ते कमिटीला दिसू नयेत म्हणून मी डग्ग्यावर वाकून त्याच्या पुडीवरची काळी शाई पुसण्याचं नाटक केलं.

खाली भांडण आणखी चढलं. सुलभाने स्टुलावरून उठून दार किलकिलं केलं आणि मला खूण करून हळूच विचारलं, “जाऊन गप करू का त्यांना? म्हणावं, वर वर्ग चाललाय.”

मी माझा माइक बंद केला आणि तिला हातानेच थांबवलं.

“अजिबात नको,” मी म्हणालो. “भांडू दे. फक्त त्यांचा आवाज थांबला, तर मला ताबडतोब सांग.”